मोज्यातलं कुसळ

गेल्या अंकात मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता: रंगात आलेला गेम तुम्ही कुठल्या फुटकळ गोष्टीपायी सोडून दिलात? अवघड गेला म्हणून नव्हे, पैसे संपले म्हणून नव्हे, तर अगदी सांगायलाही संकोच वाटावा अशा कारणापायी. पत्रं भरपूर आली. त्यातल्या कितीतरी पत्रांची सुरुवात एकसारखीच होती: "ताई, कारण तसं क्षुल्लक आहे, पण..."

त्या 'पण'बद्दल आधी थोडं सांगते. पुण्यात मी अकरा वर्षं गेम तपासायचं काम केलं. आमच्याकडे चुकांचे तीन वर्ग असत. गेम बंद पडतो तो 'ए'. गेम चालतो पण काहीतरी चुकतं तो 'बी'. आणि बिघडत काहीच नाही, नुसतं टोचत राहतं तो 'सी'. गेम बाहेर पडायच्या आदल्या आठवड्यात 'ए' सगळे मिटवायचे, 'बी' जमतील तेवढे, आणि 'सी'ची यादी पुढच्या अपडेटला बघू म्हणून बाजूला. एका शेतीच्या गेममध्ये भाजी विकताना दरवेळी 'नक्की विकायची?' अशी चौकट यायची. 'हो' दाबलं की ती मिटायला पाऊण सेकंद. मी 'सी'मध्ये नोंद केली, तर शेरा आला की पाऊण सेकंदाने कुणाचं काय जातंय. मग एका संध्याकाळी वही उघडून बसले. चौकट आली की एक रेघ. अडीच तासांत तीनशे बारा रेघा झाल्या. म्हणजे जवळजवळ चार मिनिटं मी नुसती त्या चौकटीकडे बघत होते. वही नेऊन टेबलावर ठेवली, आणि ती चौकट गेली.

पावसाळा सरताना माळावरून चाललं की मोज्यात कुसळ शिरतं. पहिल्या पावलाला ते कळतही नाही. तुमच्या पत्रांतली बहुतेक गाऱ्हाणी तशीच आहेत. ती किती बारीक आहेत हे मी बघत नाही, ती किती वेळा टोचतात ते बघते.

मी बँकेत नोकरी करतो. दोन मुलं आहेत, त्यामुळे रात्री साडेदहा ते साडेअकरा एवढाच वेळ माझा. हौसेने एक मोठा गेम घेतला. त्यात गोष्टीचा प्रसंग सुरू झाला की मधे थांबवता येत नाही. धाकटी रडायला लागली की मला उठावंच लागतं, परत येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो. सेव्हही ठरावीक जागीच होतं. आता गेम उघडायचीच इच्छा होत नाही. माझं वय झालं का? — मिरज

वयाचा काही संबंध नाही. तुमच्याकडे तास आहे आणि गेमला वाटतंय तुमच्याकडे सबंध रविवार आहे, एवढंच झालंय.

सेव्हचा विषय निघाला की मला आमचं तासगावचं घर आठवतं. २००६-०७ची गोष्ट. रोजचं भारनियमन. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, खाली यूपीएस, आणि दादा 'जीटीए व्हाइस सिटी' खेळतोय. त्या गेममध्ये मनात येईल तिथे सेव्ह करता येत नाही. आपल्या मुक्कामाच्या जागी जायचं, सुरुवातीला ते 'ओशन व्ह्यू' नावाचं हॉटेल, तिथे आत एक कॅसेट तरंगत असते, तिच्यावर जाऊन उभं राहायचं, मग सेव्ह. त्या दिवशी दादाने खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकामावर बॉम्ब ठेवायचं मिशन पार पाडलं होतं. तीन दिवस तो त्यावर अडला होता. लाइट सहाला जायची होती, ती पावणेसहालाच गेली. यूपीएस टी-टी करायला लागला. दादा गाडी घेऊन सुटला, मी मागे उभी राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते. पूल ओलांडला. समुद्राकडेचा रस्ता आला. हॉटेलचा गुलाबी दिवा दिसायला लागला आणि यूपीएसचा आवाज सलग झाला. मग काळोख.

दादा काही बोलला नाही. कीबोर्डचा खण आत सरकवला आणि ओसरीवर जाऊन बसला. पुढे कित्येक महिने त्या गेमच्या चिन्हावर त्याने क्लिक केलं नाही. आईला वाटलं पोरगा सुधारला. मला मात्र त्याचा तो चेहरा अजून दिसतो, आणि कुणी 'सेव्हचं काय एवढं' म्हणालं की राग येतो.

जागा ठरवून देणं प्रत्येक वेळी वाईट असतं असंही नाही. १९९६च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये टायपरायटर सापडला तरच सेव्ह, आणि त्यासाठी शाईची रिबन खर्ची पडते. रिबनी मोजक्याच. तिथे ती टंचाई हीच भीती आहे, आता सेव्ह करू की पुढच्या खोलीपर्यंत दम धरू. १९८९च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त सगळ्या गेमला मिळून साठ मिनिटं, आणि तुम्ही मेलात तरी घड्याळ थांबत नाही. तिथे घाई हाच खेळ. पण जिथे गोष्ट सांगायची आहे, शहरभर हिंडू द्यायचं आहे, तिथे माणसाला उठायची मुभा न देणं मला कधीच पटलं नाही.

आता कामाचं. प्रसंग चालू असताना आधी कंट्रोलरवरचं मेनूचं बटण एकदाच हलकेच दाबून बघा. हल्लीच्या पुष्कळ गेममध्ये प्रसंग तिथे थांबतो आणि 'पुढे चालू' की 'वगळा' असं विचारलं जातं. तसं होत नसेल तर गेमला न विचारता यंत्रालाच झोपवा. 'निन्टेन्डो स्विच' या यंत्रावर होमचं बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांवर बंद न करता झोपेच्या मोडमध्ये टाकलंत की उद्या रात्री साडेदहाला बहुतेक गेम त्याच वाक्यावर उघडतात. मात्र इंटरनेटला जोडून खेळायच्या गेमला हा उपाय चालत नाही. यंत्र झोपेत असताना त्याची वीज तोडू नका, आणि मुलांना मुख्य बटण बंद करू नका एवढं सांगून ठेवा.

ताई, मी अकरावीत आहे. एका गेममध्ये बॉसकडे, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूकडे, हरलो की खूप मागे जातो. मग त्याच वाटेने, त्याच शत्रूंना चुकवत परत यायचं. बॉसचं मला वाईट वाटत नाही, त्या पळण्याचं वाटतं. मित्र म्हणतात, अवघड गेम असेच असतात, तुला झेपत नाही. मी रडका आहे का? — बार्शी

तुझ्या पत्रातलं चौथं वाक्य मी दोनदा वाचलं. बॉसचं वाईट वाटत नाही, पळण्याचं वाटतं. गेम बनवणाऱ्यांना जे समजायला वर्षं लागली ते तू एका ओळीत लिहिलंस.

आपण हिशेब मांडू. समज, ती वाट दीड मिनिटाची आहे. बॉस तुझ्याकडून चाळिसाव्या खेपेला हरतो. दीड गुणिले चाळीस म्हणजे साठ मिनिटं. त्या तासाभरात तू बॉसबद्दल नवीन काही शिकलास का? नाही. बॉससमोर घालवलेला प्रत्येक मिनिट तुला काहीतरी देतो: तो हात कधी उगारतो, कुठल्या बाजूला लोळायचं, कधी दम घ्यायचा. वाटेवरचा मिनिट पहिल्या तीन-चार खेपांनंतर काहीच देत नाही. अवघडपणा आणि खोळंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझे मित्र त्या एकाच पोत्यात भरतायत.

हे मी मनचं सांगत नाही. 'डार्क सोल्स' २०११चा. त्यात शेकोटीपाशी पुन्हा जिवंत व्हायचं आणि तिथून बॉसपर्यंत धावायचं, त्याची कीर्तीच तशी आहे. त्याच दिग्दर्शकाचा, हिदेताका मियाझाकी यांचा, 'एल्डन रिंग' २०२२ साली आला. त्यात बऱ्याच बॉसांच्या जवळ एक दगडी मूर्तीसारखा खांब उभा असतो आणि मेल्यावर तुला तिथूनच उठता येतं. बॉस तिळभरही सोपे केले नाहीत, फक्त वाट कमी केली. 'सेलेस्ट' (२०१८) बघ. त्यात माणूस शेकड्यांनी, हजारांनी मरतो. पण मेल्यावर क्षणात त्याच चौकटीच्या सुरुवातीला उभा. 'पुन्हा' म्हणायच्या आत पुन्हा सुरू होतं, म्हणून चिडायला वेळच मिळत नाही. शिवाय ज्याला हवं त्याला वेग कमी करायची, दम अमर्याद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि ती वापरणाऱ्याला गेम हिणवत नाही.

तुझा गेम कुठला ते तू लिहिलं नाहीस, त्यामुळे एक सर्वसाधारण युक्ती सांगते. पाच खेपा फक्त वाट पाठ करायला दे. बॉसला हात लावायचा नाही, दारापर्यंत जायचं आणि कुठल्या शत्रूकडे वळूनही बघायची गरज नाही ते हेरायचं. अशा गेममधले बरेच शत्रू नुसतं धावत गेलं तर मागे पडतात. बहुतेकदा कुठेतरी एक दार किंवा शिडी जवळची वाट उघडून देते, ती तुझ्याकडून राहून गेली असेल. आणि एवढं करूनही नको वाटलं तर सोड. परीक्षेचा पेपर नाही तो. रडका तू नक्कीच नाहीस. हरूनही पुन्हा पुन्हा त्या वाटेने गेलेला मुलगा रडका कसा असेल?

वय ६८. नातू परदेशी शिकायला गेला, जाताना त्याचं प्लेस्टेशन माझ्याकडे ठेवून गेला. फोनवर बोलायला विषय हवा म्हणून मी खेळायला लागलो आणि गोडी लागली. पण सूचना इतक्या बारीक अक्षरात येतात की सोफ्यावरून उठून टीव्हीला नाक लावावं लागतं. तोवर सूचना जाते. शिवाय एकच बटण धडाधड दाबायचं असतं तिथे माझा अंगठा साथ देत नाही. सोडून द्यावं का? — डोंबिवली

काका, सोडू नका. तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

अक्षरांचं दुखणं तुमच्या डोळ्यांचं नाही. गेम बनवणारा माणूस संगणकाच्या पडद्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो, आणि खेळणारा आठ-दहा फुटांवर. त्याला जे ठसठशीत दिसतं ते तुम्हाला मुंग्यांची रांग वाटते. २००६ साली 'डेड रायझिंग' आला तेव्हा तर नव्या सपाट टीव्हीवरच वाचता येईल एवढी बारीक अक्षरं होती; ज्यांच्या घरी जुना फुगीर टीव्ही होता त्यांना पुढे काय करायचं तेच वाचता येईना. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'बद्दल तरण्याताठ्या लोकांनी हीच तक्रार केली आणि नंतर अपडेटमधून अक्षरं मोठी करायची सोय द्यावी लागली. २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये अशा साठाहून अधिक सोयी एकाच वेळी दिल्या. अक्षरांचा आकार, रंगांचा फरक, वाचून दाखवणारा आवाज, बटणांची अदलाबदल. दृष्टी नसलेल्या माणसांनीही तो गेम पूर्ण केला आहे. हे झालं तेव्हा आमच्या कचेरीत आम्ही सगळे एका टेबलाभोवती जमून त्या सेटिंगची पानं उलटत होतो. 'सी'च्या यादीतल्या कितीतरी गोष्टी तिथे एका छताखाली नांदत होत्या.

तुम्ही करायचं ते असं. गेम सुरू झाला की पहिल्या पानावर 'सेटिंग' किंवा 'ऑप्शन्स' असतं. आत 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा भाग शोधा, नसेल तर 'डिस्प्ले' किंवा 'सबटायटल्स'. अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा आणि सबटायटलमागे काळी पट्टी चालू करा. आकारापेक्षाही त्या पट्टीने जास्त फरक पडतो. धडाधड दाबण्याच्या जागी 'दाबून धरा' असा पर्याय हल्ली पुष्कळ गेममध्ये असतो, तो निवडलात की अंगठा सुटला. गेममध्ये काहीच नसेल तर प्लेस्टेशनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पडदा मोठा करून बघायची सोय आहे, तीही ॲक्सेसिबिलिटीतच. बटणं कुठली कशी बदलायची हे नातवाला फोनवर विचारा. तुम्हाला बोलायला विषय हवाच होता ना?

मराठीत सूचना मला अजून क्वचितच दिसल्या आहेत. ते झालं तर तुमच्या वयाचे किती जण खेळायला बसतील, या विचाराने मला हुरहुर लागते. पुण्यात तयार झालेला 'राजी' हा गेम २०२० साली जगभर गेला. बनवणारी माणसं आपल्याकडे आहेत.

गेममधला सोबती सारखा कानाशी भुणभुण करतो. कोडं बघून दहा सेकंदही होत नाहीत तोच उत्तर सांगून मोकळा. यांना गप्प का बसवता येत नाही? — फोंडा, गोवा

कारण त्याला बोलायला आमच्यासारख्यांनीच लावलेलं असतं. गेम तयार होताना बाहेरची माणसं बोलावून खेळायला बसवतात. मागे कुणीतरी वही घेऊन बसतं. एखादा गडी एका कोड्यापाशी चार मिनिटं अडला की वहीत नोंद होते, आणि संध्याकाळच्या बैठकीत ठरतं की सोबत्याने दोन मिनिटांनी इशारा द्यावा. पुढच्या खेपेला आणखी कुणी वैतागतो, मग एक मिनिट. मग वीस सेकंद. अडलेला माणूस वहीत दिसतो. विचार करत शांत बसलेला माणूसही वहीत 'अडला' असाच दिसतो. मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी आज मला चुकीच्या वाटतात.

यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे १९९८चा 'झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'. नावी नावाची परी "हे! लिसन!" करत राहते. त्यातलं घुबड लांबलचक सांगून झालं की 'पुन्हा सांगू का' अशा अर्थाचं विचारतं, आणि घाईत बटण दाबत गेलं की ते भाषण पहिल्यापासून सुरू. त्याच गेममधल्या पाण्याच्या देवळात लोखंडी बूट घालायचे-काढायचे तर दरवेळी खेळ थांबवून मेनूत जावं लागे. शेकडो वेळा. २०११ साली थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रावर तो गेम नव्याने आला तेव्हा बूट एका बटणावर आले. देऊळ तेच, पाणी तेच. २०११च्याच 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये तर यंत्र नव्याने चालू केलं की आधी शंभरदा उचललेल्या किड्याची माहिती पुन्हा पडद्यावर यायची. २०२१च्या आवृत्तीत ते काढलं, आणि सोबतिणीचे बरेचसे सल्ले विचारले तरच मिळतील असे केले.

तुम्ही सेटिंगमध्ये 'हिंट' किंवा 'कम्पॅनियन' असलं काही सापडतं का ते बघा. मिळालं तर 'कमी' करा. नाही मिळालं तर बनवणाऱ्यांना लिहा, आणि 'सोबती नको' असं न लिहिता 'मला एक मिनिट विचार करू द्या' असं लिहा. असं पत्र बैठकीत वाचलं जातं.

नोकरीसाठी डब्लिनला असतो. शनिवारी पुण्यातल्या मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं ठरतं. पण लोडिंग इतका वेळ चालतं की मी तेवढ्यात कुकर लावून येतो. इंटरनेट उत्तम, कॉम्प्युटर नवा. मग अडतं कुठे?

नेमकं तुमच्या गेमचं मी इथून सांगू शकणार नाही. पण एक घडलेली हकीकत सांगते, कारण ती ऐकून मला आठवडाभर झोप धड लागली नव्हती.

'जीटीए ऑनलाइन' २०१३ साली सुरू झाला. लोडिंगला पाच-सहा मिनिटं लागायची आणि सगळ्यांनी ते नशिबाचा भाग म्हणून मान्य केलं होतं. २०२१च्या फेब्रुवारीअखेर कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रॅमरने ठरवलं की हे काय चाललंय ते बघायचंच. त्याला आढळलं की गेम सुरू होताना दहा एमबीची एक यादी वाचली जाते, दुकानात विकायच्या सुमारे ६३ हजार वस्तूंची. किराणा दुकानातली लांबलचक यादी समजा. पोऱ्या पहिली ओळ वाचतो, मग यादी तळापर्यंत किती उरली ते मोजतो. दुसरी ओळ वाचतो, पुन्हा तळापर्यंत मोजतो. प्रत्येक शब्दाला हेच. भरीस भर म्हणजे वस्तू पिशवीत टाकायच्या आधी ती आधीच पिशवीत आहे का म्हणून आतली एकेक वस्तू काढून बघतो. ६३ हजार वेळा. त्या प्रोग्रॅमरने ही दोन्ही मोजदाद टाळणारा छोटा तुकडा लिहिला, आणि त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती सर्वांना दिली आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीसही दिलं.

मला झोप लागली नाही ती यासाठी की ही 'सी' वर्गातली गोष्ट होती. गेम बंद पडत नव्हता. काही चुकत नव्हतं. लोक थांबत होते, आणि थांबणारा माणूस तक्रार करत नाही, कुकर लावायला जातो. सात वर्षांत किती माणसांची किती मिनिटं त्या यादीने खाल्ली असतील याचा आकडा माझ्याकडे नाही, पण तुम्ही आणि तुमचे चार मित्र, दर शनिवारी सहा मिनिटं, एवढा तुमच्यापुरता हिशेब करून बघा.

तुमच्याकडे आधी एवढं तपासा: गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे की एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर? नव्या कॉम्प्युटरमध्येही पुष्कळदा दोन्ही असतात आणि गेम नकळत हळू डिस्कवर जाऊन बसतो. तो एसएसडीवर हलवा. मित्रांपैकी सगळ्यांनाच तेवढाच वेळ लागत असेल तर मात्र दोष गेमच्या आतला आहे.

आमची सून म्हणते, कँडी क्रशमध्ये जीव संपले की थांबायचं. मला थांबवत नाही आणि राग येतो. हीसुद्धा चूकच ना? — जळगाव

नाही काकू, आणि म्हणूनच हे मी वेगळं काढते. पाच जीव, एकेक भरायला अर्धा तास, म्हणजे सगळे परत यायला अडीच तास. हे कुणाच्या नजरेतून सुटलेलं नाही, ते मोजूनमापून ठेवलंय, आणि सुटकेची किंमत शेजारच्याच बटणावर लिहिलेली आहे. त्या रागात ते बटण दाबू नका. फोन ठेवा, सुनेबरोबर चहा घ्या. जीव फुकटात भरतात.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये अर्ध्या कड्यावर चढलो की पाऊस येतो आणि हात निसटतात. दर वेळी. चिडून मी तो गेम महिनाभर बंद ठेवलाय. यात तुम्ही माझी बाजू घ्याल अशी खात्री आहे. — चिपळूण

तुमची निराशा करते आहे, माफ करा. ज्या गोष्टीपुढे खेळणाऱ्याला काहीच करता येत नाही ती कटकट. या पावसापुढे करण्यासारखं पुष्कळ आहे. तो यायच्या आधी आकाश भरून येतं, आणि पुढच्या काही तासांचं हवामान पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दिसतं. चढायच्या आधी तिकडे नजर टाकायची सवय लावा. मधेच गाठलंच तर कड्याला कुठेतरी पुढे आलेला खडक असतो. त्याच्या खाली कोरड्या जागी लाकडाची मोळी आणि गारगोटी ठेवा, तलवारीने गारगोटीवर घाव घाला, शेकोटी पेटते. तिच्याशी बसून सकाळपर्यंत किंवा दुपारपर्यंत वेळ घालवता येतो. २०२३च्या पुढच्या भागात तर घसरणं कमी करणारं औषधही बनवता येतं.

२०१७ साली मी पहिल्यांदा तो खेळले तेव्हा अशीच अडकले होते. शेकोटी पेटवली, कंट्रोलर मांडीवर ठेवला. खाली सगळं खोरं पांढरं झालं होतं, गवत एका बाजूला निजलं होतं, लांब कुठेतरी वीज पडली. माझ्याकडे त्या पावसाशिवाय बघायला काही नव्हतं आणि मला उठावंसं वाटेना. लाकडाच्या दोन-तीन मोळ्या कायम जवळ ठेवा, आणि गेम उघडा.